मुदतीचे कथन : तीन मराठी लघुकादंबऱ्यांतील निवेदक

१

‘लघुकादंबरी’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रूढ झाली असली, तरी तिचा अर्थ अद्याप स्थिर झालेला नाही. प्रकाशकाच्या दृष्टीने ती शंभर-सव्वाशे पृष्ठांची कादंबरी असते; अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या दृष्टीने ती एका सत्रात शिकवून संपणारी कादंबरी असते; आणि समीक्षकांपैकी कोणी तिला दीर्घकथेची थोरली बहीण समजतात, तर कोणी कादंबरीची धाकटी. या सर्व समजुतींत एक समान उणीव आहे. त्या लघुतेकडे केवळ परिमाण म्हणून पाहतात. एखादी कृती लहान का आहे, ती मोठी झाली असती तर तिचे काय बिघडले असते, हा प्रश्न त्या विचारीत नाहीत. वस्तुतः वाङ्मयप्रकाराच्या चर्चेत विचारण्याजोगा प्रश्न तोच होय.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषाव्यवहारातील एक साधा भेद उपयोगी पडतो. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु तारेच्या मजकुराची धाटणी अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. तारेत प्रत्येक शब्दाला दाम पडत असे. म्हणून विभक्तिप्रत्यय, क्रियापदे, आदरार्थी शब्द गाळून मजकूर आखूड केला जाई आणि गाळलेले शब्द मनातल्या मनात पुन्हा बसवून घेण्याचे काम वाचणाराकडे येई. याच्या उलट, घरात संध्याकाळी एकाने दुसऱ्यास ‘आला का?’ असे विचारले, तर ते वाक्यही तितकेच आखूड असते. परंतु त्यात काहीही गाळलेले नसते. कोण यायचा होता, कोठून यायचा होता, त्याच्या येण्याची काळजी का आहे, हे सारे बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये आधीच उपस्थित असते. पहिल्या वाक्यात संक्षेप आहे, दुसऱ्यात अध्याहार आहे. संक्षेपाने वाक्य उणे होते. अध्याहाराने ते नात्यावर भार टाकते आणि त्या मानाने समृद्ध होते.

कादंबरीच्या बाबतीतही हाच भेद करावा लागतो. मोठ्या कथानकाचा आराखडा घेऊन त्यातील वर्णने, उपकथानके आणि दुय्यम पात्रे छाटली, की पृष्ठसंख्या कमी होते. परंतु जे हाती येते ते तारेसारखे असते. खरी लघुकादंबरी दुसऱ्या जातीची आहे. तिच्यातील निवेदक थोडे सांगतो, कारण त्याला तेवढेच सांगण्याचा अधिकार आहे. हा अधिकार त्याला एखाद्या ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक जागेपुरता किंवा ठरावीक श्रोत्यापुरता मिळालेला असतो. मुदत संपली की त्याचे कथन संपते. आणि कथन संपल्यावरही ज्यांचे आयुष्य चालू राहते अथवा थांबते, त्यांच्याविषयी बोलण्यास तो असमर्थ ठरतो. लघुकादंबरीतील वेदना बहुधा याच असमर्थतेतून निर्माण होते.

प्रथमपुरुषी निवेदन हे या मर्यादेचे कारण आहे, असे मात्र समजू नये. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली आहे. तरीही ती विस्तृत आहे आणि तिने विस्तृतच असावयास हवे होते. यमू स्वतःचे समग्र आयुष्य सांगते. त्या आयुष्यातील माहेर, सासर, सोवळे-ओवळे, वैधव्य या कशालाही ती पाहुणी नाही. त्या सर्वांवर तिचा भोगण्याचा, आणि म्हणून सांगण्याचा, पूर्ण हक्क आहे. उलटपक्षी जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) तृतीयपुरुषी असूनही लघुकादंबरीच आहे. कारण तिचे निवेदन मुंबईच्या झोपडपट्टीतील आयुष्याला धरून राहते आणि त्या आयुष्यावर बाहेरून भाष्य करण्याचा अधिकार स्वतःकडे घेत नाही. तेव्हा प्रश्न व्याकरणिक पुरुषाचा नसून निवेदकाच्या अधिकारकक्षेचा आहे.

ही कल्पना तपासून पाहण्यासाठी तीन कृती विशेष सोयीच्या आहेत : विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९), व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२). तिन्ही प्रथमपुरुषी आहेत. तिन्ही एका बैठकीत वाचून होतात. आणि तिन्ही प्रौढ वाचकासाठी आहेत. येथे प्रौढत्व विषयावरून ठरवलेले नाही. जे सांगितले गेले नाही त्याची जबाबदारी स्वतःकडे घेण्याची ज्याची तयारी आहे, तो प्रौढ वाचक.

२

‘रणांगण’चा घाट प्रवासाचा आहे. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी एका बोटीवर एकत्र येतात. उमेच्या प्रेमात पोळल्यामुळे स्त्रीजातीवरचा विश्वास गमावून बसलेला चक्रधर हा संबंध प्रथम खेळ म्हणून स्वीकारतो. पुढे खेळाचा खेळ राहत नाही. मुंबई बंदरात तो उतरतो. हॅर्टाला पूर्वेकडे पुढे जाणे भाग असते. तिची पत्रे येतात आणि शेवटी तिने समुद्रात देह टाकल्याची वार्ता येते. कथानक म्हणून पाहिले तर एवढेच.

बोटीवरच्या प्रवासाची मुदत पहिल्या दिवसापासून सर्वांस ठाऊक असते. तिकिटावर ती छापलेलीच असते म्हणाना. त्यामुळे या कादंबरीत ‘पुढे काय होणार?’ या प्रश्नाला फारसे महत्त्व उरत नाही. त्या काळी कथानकाची गुंतागुंत, रहस्य आणि उकल यांवर कादंबरीचे यश मोजण्याची पद्धत रूढ होती. त्या पार्श्वभूमीवर अखेर आधीच ठाऊक असलेली कथा लिहिणे ही साहसाची गोष्ट होती. वाचकाचे लक्ष घटनेवरून हटून दिवसांच्या मोजणीवर खिळते. प्रत्येक भेट ही उरलेल्या भेटींतून वजा होणारी भेट ठरते.

परंतु ही मुदत दोघांना सारखी लागू नाही, हे या कादंबरीचे मर्म आहे. चक्रधराची मुदत घरी पोचल्याने संपते. हॅर्टाच्या बाबतीत प्रवास संपणे म्हणजे कोठे पोचणे नव्हेच. तिला परतावयास देश नाही आणि जेथे जावयाचे तेथे तिची वाट पाहणारे कोणी नाही. यातील उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. चक्रधर एका परतंत्र देशाचा प्रजाजन आहे. हॅर्टा ज्या राष्ट्रात जन्मली ते राष्ट्र त्या वेळी युरोपात सत्तेच्या मदाने फुगलेले होते. तरीही उतरावयास बंदर आहे ते परतंत्र माणसाला. स्वातंत्र्य आणि आश्रय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजकीय सत्य कादंबरी कोठेही व्याख्यान न देता, केवळ दोन प्रवाशांच्या तिकिटांतील अंतराने सांगते.

भाषेच्या अंगाने पाहता येथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. हॅर्टाला मराठी येत नाही. म्हणजे तिच्या तोंडचे प्रत्येक वाक्य हे निवेदकाने केलेले भाषांतर आहे. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनाम एकच. मराठीत मात्र ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरविल्यावाचून एक वाक्यही पुढे सरकत नाही. तसेच इंग्रजीत ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ यांत भेद नाही. मराठीत बोलणाराचे लिंग क्रियापदाला चिकटते. परिणामी मराठी निवेदक परकीय स्त्रीचे बोलणे लिहू लागतो, तेव्हा तिने प्रत्यक्षात न केलेल्या कितीतरी निवडी तो तिच्या वतीने करतो. जवळीक किती, आर्जव किती, हे व्याकरणच ठरवून टाकते. एरवी ही गोष्ट भाषांतराची अडचण म्हणून सोडून देता आली असती. येथे ती आशयाचा भाग बनते. हॅर्टाचे प्रेम वाचकापर्यंत पोचते ते चक्रधराच्या व्याकरणातून. ती त्याला नेमके काय म्हणाली, यापेक्षा त्याने काय ऐकले, एवढेच कादंबरीला ठाऊक आहे.

मग तिच्या मृत्यूचा अर्थ कोणी लावावयाचा? या ठिकाणी ‘रणांगण’वर एक गंभीर आक्षेप घेता येतो. दुसऱ्याच्या सर्वनाशातून नायकाच्या दुःखाला उंची मिळवून देणारी कथा मराठीत काही कमी नाही. हॅर्टाचा अंतही चक्रधराच्या आत्मशोधाला खर्ची पडला काय? उमेची पूर्वकथा या आक्षेपाला बळ देते. ती चक्रधराच्या बेफिकिरीला कारण पुरविते, आणि कारण पुरविले की क्षमा अर्धी मिळालेली असते. कादंबरीचा हा भाग सर्वांत कमकुवत आहे, हे मान्य करावे लागते. प्रेमभंगाने कडवट झालेला नायक त्या काळातील वाचकाच्या ओळखीचा होता; हॅर्टासारखी स्त्री तशी ओळखीची नव्हती.

तथापि पूर्ण निर्णय देताना कादंबरीच्या लघुतेचा विचार करणे प्राप्त आहे. हॅर्टाच्या मृत्यूनंतर चक्रधराला पश्चात्तापासाठी, प्रायश्चित्तासाठी, शहाणपणासाठी लेखकाने जागा ठेवलेली नाही. विस्तृत कादंबरीत अशा मृत्यूनंतर नायकाचे उरलेले आयुष्य येते, त्या आयुष्यात मृत्यूला काहीतरी अर्थ प्राप्त होतो आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. येथे मुदत संपलेली आहे. निवेदकाकडे बोलण्याचा अधिकारच उरलेला नाही. ‘विध्वंस’ हे त्याचे आडनाव तेवढे साक्षीला राहते. लघुता येथे नायकाला क्षमा नाकारते. आणि हॅर्टाचे दुःख नायकाच्या मालकीचे होण्यापासून काही अंशी तरी वाचते.

यात काळाने एक भर घातली आहे. कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यूंच्या संहाराची पुढची वर्षे लेखकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या काळी परवान्यावाचून निर्वासितांना उतरू देणारे शांघाय हे पूर्वेकडील एक प्रमुख बंदर होते. हजारो ज्यू तेथे पोचले. १९४३ मध्ये जपानी सत्तेने त्यांना हाँगक्यू भागात कोंडले, तरी त्यांच्यापैकी बहुसंख्य युद्धातून जिवंत बाहेर आले. म्हणजे ज्या दिशेने हॅर्टाची बोट चालली होती, त्या दिशेला जगण्याची शक्यता होती. हे न हॅर्टाला ठाऊक, न चक्रधराला, न १९३९ च्या वाचकाला. आजच्या वाचकाला ते ठाऊक आहे. ज्या ज्ञानाअभावी कादंबरी संपली, ते ज्ञान आता वाचकाजवळ आहे आणि त्याचा हॅर्टाला काही उपयोग नाही. कादंबरीने आपल्या निवेदकाला त्याच्या अज्ञानाच्या मर्यादेत ठेवले, म्हणूनच हा भार वाचकावर पडू शकतो.

३

‘बनगरवाडी’तील मुदत नोकरीची आहे. औंध संस्थानातील एका धनगरवस्तीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळा तरुण शाळामास्तर म्हणून येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. मेंढरांमागे जाणारी मुले गोळा करण्यापासून त्याला प्रारंभ करावा लागतो. हळूहळू तो वस्तीचे कागद वाचतो, भांडणे ऐकतो, निरोप पोचवितो; वस्तीला तालीम असावी म्हणून खटपट करतो आणि ती उभी राहते. राजेसाहेबांच्या उपस्थितीचा सोहळाही होतो. मग पाऊस दगा देतो, चारा संपतो, माणसे मेंढरे घेऊन जगावयास बाहेर पडतात आणि वस्ती ओस पडते.

या कादंबरीविषयी नेहमी दोन मते मांडली जातात. ती व्यक्तिचित्रांची माळ आहे, हे एक. आणि ती मराठीतील अस्सल प्रादेशिक कादंबरी आहे, हे दुसरे. ‘माणदेशी माणसे’ लिहिणाऱ्या लेखकाच्या कादंबरीबद्दल पहिले मत सहज सुचते. परंतु माळेतील मण्यांची अदलाबदल करता येते. ‘बनगरवाडी’तील प्रसंगांची करता येत नाही. तालीम उभी राहण्यापूर्वी दुष्काळ आला असता, तर ही कादंबरीच झाली नसती. वस्तीने एकत्र येऊन काही बांधणे आणि मग त्या बांधलेल्या वास्तूसह वस्ती सोडून जाणे, या क्रमात तिचे सारे शोकात्म बळ आहे.

त्या बळाचे स्वरूप समजून घेण्यास मराठी सर्वनामव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य साह्य करते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील तत्सम सर्वनाम हा भेद पाळीत नाही. ‘बनगरवाडी’ ही एका परक्या माणसाने ‘आम्ही’ या शब्दाबाहेरून ‘आपण’ या शब्दात येण्याची आणि पुन्हा बाहेर पडण्याची कथा म्हणून वाचता येते. कोणते सर्वनाम किती वेळा आले याची मोजदाद येथे अभिप्रेत नाही; नात्याचे व्याकरण अभिप्रेत आहे. आरंभी मास्तर हा वस्तीच्या दृष्टीने सरकारचा माणूस आहे. तालमीच्या कामात तो ‘आपणां’पैकी एक होतो. कारभाऱ्याचा त्याच्यावर जीव जडतो आणि अंजीवरून झालेल्या गैरसमजाने तोच कारभारी त्याच्यापासून तुटतो, तेव्हा हे ‘आपण’ किती नाजूक धाग्याने बांधले होते ते कळते.

निवेदनाची भाषा आणि संवादांची भाषा यांतील अंतरही याच दृष्टीने पाहावयास हवे. पात्रे माणदेशी बोलीत बोलतात. मास्तर प्रमाण मराठीत सांगतो. पुष्कळ प्रादेशिक कादंबऱ्यांत हे अंतर सवयीने पाळले जाते. निवेदक सुशिक्षित, पात्रे अशिक्षित, एवढेच त्याचे तात्पर्य असते. ‘बनगरवाडी’त मात्र त्या अंतराला नैतिक अर्थ आहे. मास्तर पगारावर आलेला आहे. ज्या भाषेत तो शाळेचा अहवाल लिहील, तिच्याच जवळच्या भाषेत तो ही कथा सांगतो. आपली भाषा बदलून, वस्तीची बोली निवेदनात घेऊन, आपण त्यांच्यातलेच झालो असा आव तो आणीत नाही. दुष्काळात वस्ती हलेल तेव्हा त्याची बदली होऊ शकते, धनगरांची होऊ शकत नाही. भाषेतील हे अंतर म्हणजे त्या फरकाची प्रामाणिक कबुली होय.

म्हणूनच शेकूच्या बायकोचा प्रसंग कादंबरीत ज्या रीतीने येतो तो लक्षणीय आहे. जनावराच्या अभावी ती स्वतःला बैलाच्या जोडीने जुंपून घेते. असा प्रसंग हाती आल्यावर भाष्याचा मोह आवरणे कठीण असते. स्त्रीचे कष्ट, दारिद्र्य, व्यवस्थेची निर्दयता, या सर्वांवर येथे परिच्छेद लिहिता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. निवेदक ते लिहीत नाही. तो पाहतो आणि सांगतो. या संयमाला काहींनी अलिप्तता म्हटले असेल. परंतु अलिप्तता आणि अधिकाराची जाणीव या भिन्न वस्तू आहेत. जे आपण सोसले नाही त्याचा अर्थ सांगण्याचा हक्क आपल्याला नाही, असे या निवेदकाच्या गद्याचे म्हणणे आहे. कर्ता-कर्म-क्रियापद अशी साधी, आखूड वाक्ये, विशेषणांची काटकसर, प्रतिमांचा जवळजवळ अभाव, ही त्याच्या शैलीची लक्षणे या म्हणण्यातून आलेली आहेत.

उणीव दाखवावयाची तर तीही येथेच आहे. मास्तर वस्तीला पाहतो. वस्ती त्याला कशी पाहते, हे मात्र कादंबरीत अपुरे उतरते. अंजीच्या मनात काय आहे, याचे उत्तर वाचकाला मिळत नाही. मास्तरलाही ते मिळालेले नाही हे खरे. तथापि मास्तरच्या अज्ञानाची धग जशी कारभाऱ्याच्या संदर्भात जाणवते, तशी ती अंजीच्या संदर्भात जाणवत नाही. मर्यादा पाळणे आणि मर्यादेचा आडोसा घेणे यांतील सीमारेषा येथे क्षणभर पुसट होते.

४

पहिल्या दोन कृतींत मुदत काळाची आणि जागेची आहे. ‘सावित्री’त ती श्रोत्याची आहे. एकोणचाळीस पत्रांच्या या कादंबरीत सर्व पत्रे सावित्रीची आहेत. ज्याला ती लिहिते त्याचे एकही पत्र वाचकाच्या हाती पडत नाही. कूर्गचा परिसर, सावित्रीचे व्यासंगी वडील, जपानचा प्रवास, महायुद्धाची छाया, राजम्मा, एजवर्थ, नामुरा आदी माणसे, हे सारे पत्रांच्या ओघात येते. पण कथा म्हणावी असे सलग काही उभे करण्याची सावित्रीला गरज भासत नाही.

पत्रलेखक जे लिहितो त्याच्या कितीतरी पट अधिक गृहीत धरतो. दोघांना जे ठाऊक आहे ते पत्रात येत नाही. तिसऱ्या माणसाने असे पत्र वाचले, तर त्याला वाक्ये समजतात आणि अर्थ हुकतो. ‘सावित्री’चा वाचक हा असा तिसरा माणूस आहे. परंतु कादंबरी पुढे सरकते तसतसे एक विलक्षण स्थित्यंतर घडते. पत्रे ज्याला लिहिलेली आहेत तो सतत अनुपस्थित असल्यामुळे त्याची जागा रिकामी राहते आणि वाचक नकळत त्या जागेवर जाऊन बसतो.

हे कसे साधते, याचे वर्णन करण्यासाठी पाणिनीय परंपरेतील ‘अनुवृत्ती’ ही संज्ञा फार समर्पक आहे. सूत्रात एकदा आलेले पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालू राहते. त्यामुळे पुढचे सूत्र लहान होते, अपुरे राहत नाही. मागचे ज्याला अवगत नाही त्याला मात्र पुढच्या सूत्राचा अर्थ लागत नाही. ‘सावित्री’तील पत्रे अशाच रीतीने परस्परांशी जोडलेली आहेत. लच्छीची आणि मोराची गोष्ट हे याचे ठळक उदाहरण. मोर हवा असलेल्या मुलीला स्वतःतच मोर शोधावा लागतो, अशा आशयाची ही गोष्ट एकदा येऊन जाते. पण तिचा अर्थ पुढील पत्रांतून सावित्रीच्या प्रत्येक निर्णयामागे चालत राहतो. ज्याची वाट पाहावयाची तेच आपण व्हावयाचे, हा विचार पुन्हा पुन्हा सांगितला जात नाही, कारण त्याची अनुवृत्ती झालेली आहे. ‘आनंदभाविनी’ ही सावित्रीची वृत्ती समजावून घ्यावयाची ती अशी. तिची व्याख्या शोधीत पत्रे चाळणाऱ्याच्या हाती केवळ सुभाषिते लागतील.

पुरुष लेखकाने स्त्रीच्या वतीने लिहिलेल्या या पत्रांत मराठी क्रियापदाची एक लकब अनायासे उपकारक ठरते. ‘मी जाते’, ‘मी आले’ या वाक्यांत बोलणारीचे स्त्रीत्व उघड असते. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी झाड पाहिले’ या सकर्मक भूतकाळी वाक्यांत क्रियापद कर्माकडे वळते आणि बोलणाराचे लिंग दिसेनासे होते. म्हणजे येणे, जाणे, राहणे यांविषयी बोलताना सावित्री स्त्री आहे. केलेल्या, पाहिलेल्या, वाचलेल्या गोष्टींविषयी बोलताना ती केवळ ‘मी’ आहे. मराठीतील कोणत्याही स्त्री-निवेदकाला हा नियम लागू आहे. परंतु विरह हीच जिची अवस्था आणि अनुभव घेणे हेच जिचे व्रत, अशा नायिकेच्या पत्रांत त्याला वेगळी अर्थवत्ता येते. प्रतीक्षेत ती प्रेयसी असते. अनुभवात ती स्वतंत्र जीव असते. या दोहोंच्या मध्ये ‘सावित्री’चे सारे नाट्य घडते.

‘सावित्री’विरुद्धचा आक्षेप सुपरिचित आहे. तिचे जग फार निवळलेले आहे. युद्ध दूरच्या गडगडाटासारखे येते. पैसा, भूक, मत्सर यांना तिथे फारसा प्रवेश नाही. आणि कवीच्या हाताने लिहिलेली वाक्ये अधूनमधून स्वतःच्याच सौंदर्यापाशी थबकतात. या आक्षेपात तथ्य आहे. सुटे काढून वहीत उतरून घेता येईल असे वाक्य लघुकादंबरीला घातक असते. कारण ते अनुवृत्तीतून निसटते आणि तारेसारखे एकटे पडते. ‘सावित्री’ला लाभलेल्या लोकप्रियतेत अशा उताऱ्यांचा वाटा असावा, ही गोष्ट तिच्या हिताची नाही. तरीही समग्र कृती या आक्षेपाला पुरून उरते. पत्रांचा सूर प्रसन्न आहे. पण उत्तरे न दाखविण्याची योजना निष्ठुर आहे. सावित्रीचा आनंद खरा की एकाकीपणावर घातलेले पांघरूण, याचा निर्णय करण्यास लागणारा अर्धा पुरावा लेखकाने मुद्दाम रोखून धरला आहे. आनंदावर विश्वास ठेवावयाचा तर तो वाचकाने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावयाचा आहे.

५

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या असता असे दिसते, की प्रवासी, शाळामास्तर आणि पत्रलेखिका हे तिघेही आपापल्या विषयाचे मालक नाहीत. प्रवाशाला बोट सोडावी लागते, मास्तरला वस्ती सोडावी लागते, पत्रलेखिकेला कागद संपला की थांबावे लागते. प्रत्येकाच्या कथनाबाहेर कोणीतरी उरते : समुद्रात नाहीशी झालेली हॅर्टा, मेंढरांमागे पांगलेली वस्ती, कधीच न दिसणारा पत्रांचा धनी. त्या उरलेल्या माणसाविषयी निवेदक मौन पाळतो आणि त्या मौनाच्या आकाराने कादंबरीचा आकार ठरतो. लघुकादंबरीची लघुता ही अशी आतून आलेली असते. पृष्ठसंख्या हा तिचा परिणाम. तिचे लक्षण नव्हे.

या निष्कर्षाला एक व्यावहारिक बाजू आहे आणि ती अध्यापनाशी निगडित आहे. लघुकादंबरी सोयीची म्हणून अभ्यासक्रमात नेमली जाते आणि सोयीची म्हणूनच तिचे कथासार करून दिले जाते. विस्तृत कादंबरीचे कथासार निदान तिच्या सांगाड्याची कल्पना देते. लघुकादंबरीच्या बाबतीत तेवढेही घडत नाही. जे सांगितले आहे त्याचे सार काढता येते. जे सांगितलेले नाही त्याचे सार निघत नाही, आणि या प्रकारात अर्थाचा मोठा भाग न सांगितलेल्यात वसतो. ‘एका तरुणाचे बोटीवर एका मुलीवर प्रेम बसते व ती आत्महत्या करते’ हे वाक्य ‘रणांगण’चा संक्षेप नसून तिचा विपर्यास आहे, कारण त्यात हॅर्टाचा मृत्यू पुन्हा त्या तरुणाच्या गोष्टीतील एक घटना बनतो. कादंबरीने जे टाळले ते कथासार निमिषार्धात करून मोकळे होते.

तेव्हा लघुकादंबरी शिकविताना ‘काय घडले?’ याच्या आधी ‘हे सांगण्याचा अधिकार सांगणाराला कोठून आला, आणि तो कोठे संपतो?’ हा प्रश्न विचारावा लागेल. ज्या वाक्यापाशी तो अधिकार संपतो, ते वाक्य विद्यार्थ्याला पुस्तकात बोट ठेवून दाखविता आले, तर त्याने ती कादंबरी वाचली असे समजावयास हरकत नाही.